शॉपँ पियानोवादन स्पर्धा, आंतरराष्ट्रीय

पोलंडची राजधानी वॉर्सा येथे सामान्यतः दर पाच वर्षांनी भरणारी पियानोवादनाची जगप्रसिद्ध स्पर्धा. पोलिश संगीतरचनाकार फ्रेदेरीक शॉपँ (१८१०–४९) ह्याच्या स्मरणार्थ ती १९२७ मध्ये सुरू झाली. सर्व फेऱ्यांतून केवळ शॉपँच्याच रचना वाजवाव्या लागतात, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय. बहुतेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वादकाला निरनिराळ्या कालखंडांतील रचनाकार हाताळावे लागतात व त्यांतून त्याच्या आवाक्याचा अंदाज बांधता येतो. वॉर्सा येथे मात्र एकाच रचनाकाराच्या विश्वात तो किती खोलवर जाऊ शकतो, ह्याची परीक्षा होते. ह्या बंधनामुळेच स्पर्धेचा दबदबा वाढला आणि तिच्यातील वादही बव्हंशी त्यातूनच उद्‌भवले. एकोणिसावी स्पर्धा ऑक्टोबर २०२५ मध्ये पार पडली.

स्पर्धेची पार्श्वभूमी समजण्यासाठी पोलिश लोकांच्या मनातील शॉपँचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. वॉर्सा शहराजवळील झेलाझोव्हा व्होला ह्या खेड्यात जन्मलेल्या शॉपँने नोव्हेंबर १८३० मध्ये मायदेश सोडला. त्याच महिन्यात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला, तो पुढे मोडून काढण्यात आला आणि शॉपँला परत येणे घडले नाही. पॅरिसमध्ये तो मरण पावला व तेथेच त्याचे दफन झाले. परंतु त्याच्या इच्छेनुसार त्याचे हृदय त्याच्या बहिणीने वॉर्सा येथे आणले व ते होली क्रॉस चर्चमध्ये ठेवण्यात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९१८ पर्यंत पोलंड हे राज्य म्हणून नकाशावर अस्तित्वात नव्हते. ज्या लोकांना स्वतःचे सरकार नव्हते, त्यांना शॉपँची माझुर्का व पोलोनेझ ही आपल्या अस्तित्वाची साक्ष वाटत असे. म्हणूनच त्याच्या रचना कशा वाजवाव्यात, हा प्रश्न तेथे केवळ संगीतज्ञांपुरता कधीच राहिला नाही.

अशा प्रकारच्या स्पर्धेला पूर्वीचा दाखला नव्हता असे नाही. रशियन पियानोवादक अंतोन रूबिनस्टाइन ह्याने सुरू केलेली स्पर्धा १८९० ते १९१० ह्या काळात दर पाच वर्षांनी वेगवेगळ्या यूरोपीय शहरांत भरत असे. तिच्या १९०५ मधील पॅरिस येथील स्पर्धेत व्हिल्हेल्म बाकहाउस विजयी झाला, तर तरुण बेला बॉर्टोक ह्यास पहिला क्रमांक मिळाला नाही. १९१० मध्ये आल्फ्रेट ह्योन हा विजेता ठरला. हे दोघेही पुढे वॉर्सा येथे परीक्षक म्हणून आले : ह्योन १९२७ साली व बाकहाउस १९३७ साली.

वॉर्सा येथील स्पर्धेची कल्पना येझी झुरावलेव्ह (१८८६–१९८०) ह्या पियानोवादकाची व शिक्षकाची. शॉपँच्या वादनासाठी नावाजलेल्या अलेक्सांदर मिखालोव्स्की ह्याचा तो शिष्य. पहिल्या महायुद्धानंतरच्या पिढीत शॉपँविषयी विपरीत समज पसरल्याचे त्याला आढळले. हे संगीत अतिभावुक आहे, मन दुबळे करणारे आहे व म्हणून तरुणांच्या शिक्षणास ते अनुकूल नाही, असे मत उघडपणे मांडले जाई. त्याच वेळी तरुण मंडळी खेळांच्या सामन्यांमागे वेडी झाली होती. मैदानावरच्या चढाओढीचा हाच उत्साह संगीताकडे वळवता येईल, असे झुरावलेव्हला वाटले. स्पर्धा हे शॉपँच्या प्रसाराचे साधन, अशी त्याची मूळ भूमिका होती. कोण श्रेष्ठ हे ठरविणे हा तिचा दुय्यम हेतू होता. प्रत्यक्षात हा क्रम लवकरच उलटला. प्रारंभी त्याला सर्वत्र नकार मिळाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात पैशाची टंचाई होती व सरकारी खात्यांना ह्या योजनेत निकड दिसेना. अखेर एका उद्योजकाने संभाव्य तूट भरून देण्याची हमी घेतली. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या इग्नात्सी मोश्चित्स्की ह्याने आश्रय दिल्यावर अडचणी दूर झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉर्सातील वाझ्येंकी उद्यानात व्हात्स्वाव्ह शिमानोव्स्की ह्या शिल्पकाराने घडविलेल्या शॉपँच्या ब्राँझपुतळ्याचे अनावरण झाले होते. स्पर्धेला वातावरण अनुकूल झाले, त्यात ह्या घटनेचाही वाटा होता.

पहिली स्पर्धा २३ ते ३० जानेवारी १९२७ ह्या आठवड्यात वॉर्सा फिलहार्मनिक संस्थेच्या सभागृहात झाली. आठ देशांतील सव्वीस वादकांनी तिच्यात भाग घेतला. परीक्षक मंडळ जवळजवळ संपूर्णपणे पोलिश होते. सोव्हिएट रशिया व पोलंड ह्यांच्यातील युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्यामुळे मॉस्को व लेनिनग्राड येथून वादक येणे हीच मुळात लक्षणीय गोष्ट होती. पहिले पारितोषिक मॉस्कोच्या लेव्ह ओबोरिन ह्या एकोणीस वर्षांच्या युवकाला मिळाले. दुसरा स्टानिस्वाव्ह श्पिनाल्स्की व तिसरी रूझा एटकिन हे दोघे पोलिश, तर चौथा ग्रिगोरी गिन्झबर्ग हा सोव्हिएट वादक होता. पोलिश रेडिओने माझुर्कांच्या सर्वोत्कृष्ट वादनासाठी ठेवलेले विशेष पारितोषिक हेन्रिक श्टॉम्प्का ह्याने मिळविले. सोव्हिएट संघातील आणखी एका युवकाला केवळ गौरवपत्रावर समाधान मानावे लागले : तो म्हणजे द्मीत्री शोस्टकोव्हिच. स्पर्धेच्या काळात तो आंत्रपुच्छाच्या दुखण्याने बेजार होता. त्यानंतर मैफलीचा वादक होण्याचा विचार त्याच्या मनातून हळूहळू मागे पडला. ह्याच प्रवासात बर्लिन येथे त्याची ब्रूनो वॉल्टर ह्या वाद्यवृंदसंचालकाशी गाठ पडली आणि वॉल्टरने त्याची पहिली सिंफनी त्याच वर्षी बर्लिनमध्ये सादर केली. वॉर्सातील ह्या अपयशाने संगीताच्या इतिहासाचे नुकसान झाले, असे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या स्पर्धेला (मार्च १९३२) स्पर्धकांची संख्या एकदम वाढली. तिचा निकाल आजही आश्चर्याने सांगितला जातो. कीव्ह येथे जन्मलेला व पॅरिसमध्ये निर्वासिताचे जीवन कंठणारा अलेक्सांदर उनिन्स्की आणि हंगेरीचा अंध वादक इम्रे उंगार ह्या दोघांना समान गुण पडले. पहिला क्रमांक विभागून देण्याची तरतूद नसल्याने नाणे उडवून निर्णय घेण्यात आला व कौल उनिन्स्कीच्या बाजूने लागला. आठवडे चाललेल्या सूक्ष्म श्रवणानंतर शेवटचा शब्द नाण्याने बोलावा, ही गोष्ट अशा स्पर्धांच्या गुणांकनाविषयी बरेच काही सांगून जाते. तिसऱ्या स्पर्धेत (फेब्रुवारी-मार्च १९३७) पहिली दोन्ही पारितोषिके याकॉव्ह झाक व रोझा तामार्किना ह्या सोव्हिएट वादकांकडे गेली. तिसरा आलेला व्हिटोल्ड मालचुझिन्स्की पुढे आंतरराष्ट्रीय कीर्तीचा पोलिश वादक ठरला. ह्या वेळच्या परीक्षकांत झाकचा गुरू हाइन्रिख न्यूहाउस हाही होता. जपानच्या चिएको हारा हिला वरच्या क्रमांकांत स्थान न मिळाल्याने श्रोते इतके नाराज झाले, की तिला श्रोत्यांच्या वतीने एक खास पारितोषिक देऊन त्यांचे समाधान करावे लागले. परीक्षकांचा निकाल व सभागृहाचा कौल ह्यांतील ही तफावत पुढे वारंवार प्रकट झाली.

पुढची स्पर्धा १९४२ मध्ये व्हावयाची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन हल्ल्यात फिलहार्मनिकची वास्तू जळून उद्ध्वस्त झाली. वाझ्येंकी उद्यानातील पुतळा ३१ मे १९४० रोजी सुरुंगाने उडविण्यात आला व त्याचे ब्राँझ वितळविण्यासाठी नेण्यात आले. जर्मन प्रशासनाने शॉपँच्या संगीताच्या जाहीर वादनावर निर्बंध घातले. परिणामी खाजगी घरांतून गुप्तपणे मैफली होऊ लागल्या. १९४४ च्या वॉर्सा उठावाच्या काळात शॉपँचे हृदय असलेले पात्र चर्चमधून हलविण्यात आले. ते १७ ऑक्टोबर १९४५ रोजी, म्हणजे त्याच्या मृत्युदिनी, उद्ध्वस्त शहरात समारंभपूर्वक परत आणण्यात आले. पहिल्या स्पर्धेतील तिसऱ्या क्रमांकाची मानकरी रूझा एटकिन ही मात्र वाचली नाही. सोव्हिएट सैन्य वॉर्सात शिरण्याच्या आदल्या दिवशी, १६ जानेवारी १९४५ रोजी, जर्मन सैनिकांनी तिला ठार केले.

युद्धानंतरची पहिली, म्हणजे एकूण चौथी स्पर्धा शॉपँच्या मृत्युशताब्दीच्या वर्षी, १९४९ मध्ये भरली. फिलहार्मनिकचे सभागृह अद्याप भग्नावस्थेत असल्याने ती ‘रोमा’ ह्या इमारतीत घ्यावी लागली. पोलंडची हलिना चेर्नी-स्टेफान्स्का व सोव्हिएट संघाची बेला दाव्हिदोव्हिच ह्या दोघींना पहिले पारितोषिक विभागून देण्यात आले. नव्या राजवटीत दोन मित्रराष्ट्रांनी सन्मान वाटून घ्यावा, हे सोयीचे होते खरे; तथापि दोघींची पुढील कारकीर्द पाहता ह्या निकालाला केवळ राजकीय म्हणणे अन्यायाचे होईल. पाचवी स्पर्धा २१ फेब्रुवारी १९५५ रोजी पुन्हा उभारलेल्या फिलहार्मनिक सभागृहात सुरू झाली आणि तेव्हापासून पाच वर्षांचा क्रम रूढ झाला.

ह्या पाचव्या स्पर्धेने आधुनिक काळातील पहिला मोठा वाद निर्माण केला. पहिला क्रमांक पोलंडच्या आदाम हाराशेव्हिचला व दुसरा सतरा वर्षांच्या व्लद्यीमिर अश्केनाझीला देण्यात आला. परीक्षकांपैकी आर्तूरो बेनेदेत्ती मिकेलांजेली ह्या इटालियन वादकाला हा क्रम मान्य नव्हता आणि त्याने निकालपत्रावर सही करण्यास नकार दिला. अश्केनाझीने १९५६ मध्ये ब्रुसेल्स येथील स्पर्धा जिंकली व १९६२ मध्ये मॉस्को येथील चायकॉव्हस्की स्पर्धेत पहिले पारितोषिक विभागून मिळविले. ह्या वादाच्या गदारोळात दुसरी एक घटना काहीशी झाकली गेली; वस्तुतः ती अधिक महत्त्वाची होती. तिसरा क्रमांक आणि त्याबरोबरच माझुर्का-वादनाचे विशेष पारितोषिक शांघायच्या फू त्सुंग ह्या चिनी युवकाला मिळाले.

ह्या घटनेचे महत्त्व माझुर्का ह्या प्रकाराच्या स्वरूपात आहे. माझुर्का हे मूळचे मध्य पोलंडमधील माझोव्ह्ये प्रदेशाचे लोकनृत्य. तीन मात्रांच्या ठेक्यात आघात नेहमीप्रमाणे पहिल्या मात्रेवर न पडता दुसऱ्या वा तिसऱ्या मात्रेवर सरकतो आणि मात्रांची लांबीही काटेकोरपणे समान राहत नाही. हे सरकणे स्वरलिपीत पूर्णपणे उतरवता येत नाही. ते कानाने उचलावे लागते. ठेका फार ताणला तर नृत्य हरवते; न ताणला तर उरते ती नुसती कवाईत. त्यामुळे माझुर्का वाजवावी ती पोलिश वादकानेच, अशी समजूत प्रचलित होती. रुबाटोच्या बाबतीतही हाच प्रश्न उपस्थित होतो. डाव्या हाताने लय सांभाळावी आणि उजव्या हाताने गायकासारखे तिच्यावर मागेपुढे झुलावे, असा शॉपँचा उपदेश त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवला आहे. पण किती झुलावे, हे कोणीच नोंदविलेले नाही. पोलिश भूमीशी वा लोकनृत्यांशी ज्याचा जन्मसंबंध नाही अशा वादकाने खुद्द वॉर्सामध्ये माझुर्केचे पारितोषिक मिळविल्याने त्या समजुतीला तडा गेला. चिनी अभिजात काव्यातील भाववृत्ती व शॉपँची भाववृत्ती ह्यांत आपल्याला साम्य जाणवते, असे फू त्सुंग सांगत असे. पुढे १९५८ च्या अखेरीस त्याने लंडनमध्ये आश्रय घेतला. त्याच्या वडिलांनी, फू लेय ह्या ख्यातनाम अनुवादकाने, सांस्कृतिक क्रांतीच्या छळापायी १९६६ मध्ये पत्नीसह आत्महत्या केली.

त्यानंतरच्या चार स्पर्धांनी वॉर्साला जे नाव मिळवून दिले, ते आजतागायत टिकून आहे. १९६० मध्ये, शॉपँच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षी, मिलानचा अठरा वर्षांचा माउरीत्स्यो पोल्लीनी विजयी झाला. परीक्षक मंडळाचा सन्माननीय अध्यक्ष आर्थर रूबिनस्टाइन होता. तांत्रिकदृष्ट्या हा मुलगा आम्हा परीक्षकांपैकी कोणाहूनही सरस आहे, अशा आशयाचे उद्‌गार त्याने काढल्याचे सांगितले जाते. विजयानंतर पोल्लीनीने मैफलींच्या मोहात न पडता काही काळ अध्ययनात घालविला. १९६५ ची विजेती अर्जेंटिनाची मार्ता आर्गेरिच. माझुर्केचे पारितोषिकही तिलाच मिळाले. १९७० पासून स्पर्धा हिवाळ्याऐवजी ऑक्टोबर महिन्यात भरू लागली, जेणेकरून शॉपँचा मृत्युदिन (१७ ऑक्टोबर) तिच्या काळात यावा. त्या दिवशी वादन बंद ठेवून होली क्रॉस चर्चमध्ये मोट्सार्टचे ‘रेक्विएम’ सादर करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी अमेरिकेचा गॅरिक ओल्सन पहिला व जपानची मित्सुको उचिदा दुसरी आली. १९७५ मध्ये क्रिस्टिआन झिमरमन ह्या अठरा वर्षांच्या पोलिश युवकाने पहिल्या क्रमांकाबरोबर विशेष पारितोषिकेही मिळविली. हाराशेव्हिचनंतर वीस वर्षांनी पोलंडला विजेता लाभला होता.

दहावी स्पर्धा (ऑक्टोबर १९८०) ही इतिहासातील सर्वांत गाजलेली. ती सुरू झाली त्याच सुमारास, ३ ऑक्टोबर रोजी, संस्थापक झुरावलेव्हचे निधन झाले. ग्दान्यस्क येथील जहाजबांधणी कामगारांच्या संपामुळे पोलंडमध्ये त्या वर्षी ऑगस्टपासून मोठी राजकीय घुसळण चालू होती. सभागृहात मात्र चर्चा होती ती ईव्हो पोगोरेलिच ह्या युगोस्लाव्ह स्पर्धकाची. शॉपँच्या लिखित सूचनांना न जुमानता त्याने काही ठिकाणी लय अतिमंद केली, तर काही ठिकाणी स्वरांना धातूसारखी धार दिली. त्याचा पोशाखही मैफलीच्या संकेतांना सोडून होता. श्रोत्यांत दोन तट पडले. परीक्षकांचीही तीच गत झाली : काहींनी त्याला अत्युच्च, तर काहींनी अगदी नीचतम गुण दिले. लूइस केंट्नर ह्या परीक्षकाने आपले शिष्य पुढील फेरीत गेले नाहीत म्हणून आधीच राजीनामा दिला होता. तिसऱ्या फेरीनंतर पोगोरेलिच अंतिम फेरीसाठी निवडला गेला नाही, तेव्हा मार्ता आर्गेरिचने त्याला असामान्य प्रतिभावंत म्हणून गौरविले व परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला. परिणाम असा झाला, की बाद झालेल्या वादकाला जगभर मागणी आली आणि त्याच्या ध्वनिमुद्रिका मोठ्या कंपनीने काढल्या.

ह्या कोलाहलामुळे प्रत्यक्ष विजेत्याकडे सुरुवातीस दुर्लक्ष झाले. डांग थाय सोन हा व्हिएटनामी वादक ह्या स्पर्धेचा पहिला आशियाई विजेता. हानोईवरील बाँबहल्ल्यांच्या काळात तेथील संगीतविद्यालय खेड्यात हलविण्यात आले होते व त्याचे बालपणातील बरेचसे शिक्षण तेथेच झाले. व्हिएटनाममध्ये आलेल्या ऐझाक काट्स ह्या रशियन पियानोवादकाने १९७४ मध्ये त्याचे गुण हेरले आणि पुढे तो मॉस्को संगीतविद्यालयात शिकण्यास गेला. अंतिम फेरीत बहुतेक स्पर्धक ई मायनर कन्चेर्तो निवडतात व विजेतेही प्रायः त्यांतूनच निघतात. डांग थाय सोनने एफ मायनर कन्चेर्तो वाजविला होता. त्याचे वादन सौम्य, गेय व अंतर्मुख. पोगोरेलिचच्या वादाने तापलेल्या वातावरणात असे वादन उपेक्षित राहावे, हे स्वाभाविक होते. पण पुढील काळात शॉपँचा वादक व शिक्षक म्हणून त्याने मिळविलेली प्रतिष्ठा पाहता परीक्षकांनी त्या वर्षी अन्याय केला तो एकावर. दुसऱ्याची निवड मात्र अचूक होती, असे म्हणावे लागेल.

१९८५ चा विजेता सोव्हिएट संघाचा स्टानिस्लाव्ह बुनिन. तो १९३७ च्या स्पर्धेतील परीक्षक हाइन्रिख न्यूहाउस ह्याचा नातू होय. जपानी दूरचित्रवाणीने दाखविलेल्या कार्यक्रमामुळे तेथे त्याला चित्रपटनटाला लाभावी तशी लोकप्रियता लाभली, आणि वॉर्साला येणाऱ्या जपानी स्पर्धक व श्रोत्यांची संख्या तेव्हापासून विशेष वाढली. पुढील दोन स्पर्धा निराशाजनक ठरल्या. १९९० व १९९५ अशा लागोपाठ दोन वेळा परीक्षकांनी पहिले पारितोषिक राखून ठेवले. १९९० मध्ये अमेरिकेचा केव्हिन केनर दुसरा आला. १९९५ मध्ये फ्रान्सचा फिलिप ज्युझियानो व मूळचा ताश्कंदचा अलेक्सेई सुलतानोव्ह ह्यांना दुसरे पारितोषिक विभागून मिळाले. श्रोत्यांचा लाडका असलेला सुलतानोव्ह पारितोषिक समारंभाकडे फिरकला नाही. ह्या दोन्ही वेळी परीक्षक मंडळाचा अध्यक्ष यान एकिएर (१९१३–२०१४) हा होता. स्वतः १९३७ च्या स्पर्धेत पारितोषिक मिळविलेल्या एकिएरने शॉपँच्या सर्व रचनांची राष्ट्रीय आवृत्ती सिद्ध करण्यास आयुष्यातील अर्धशतक वेचले. हस्तलिखिते, पॅरिस, लाइपसिक व लंडन येथील प्रथमावृत्त्या आणि शॉपँने शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या ताडून पाहून त्याने पाठ निश्चित केले. हे काम २०१० मध्ये पूर्ण झाले. स्पर्धकांना ही आवृत्ती वापरण्याची शिफारस करण्यात येते. शॉपँने एकाच जागी निरनिराळे पर्याय लिहिले आहेत, हे तिच्यावरून स्पष्ट झाले. पाठचिकित्सेने एकच ‘खरा’ शॉपँ हाती येईल, ही अपेक्षा त्यामुळे फोल ठरली.

२००० मध्ये चीनच्या ली युन्दी ह्याने अठराव्या वर्षी पहिले पारितोषिक मिळवून पंधरा वर्षांचा खंड संपविला. २००५ मध्ये राफाव ब्लेहाच ह्या पोलिश वादकाने माझुर्का, पोलोनेझ, कन्चेर्तो आदी सर्व विशेष पारितोषिके जिंकली. त्याच्यात व इतरांत इतके अंतर आहे, असे परीक्षकांना वाटले, की दुसरे पारितोषिक कोणालाच देण्यात आले नाही. तिसरे दोघा कोरियन भावांत विभागले गेले. २०१० ची स्पर्धा शॉपँच्या द्विजन्मशताब्दीच्या वर्षी आली. तिचे संयोजन प्रथमच २००१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय शॉपँ संस्थेने केले. रशियाची यूलियाना अव्देयेव्हा ही आर्गेरिचनंतर पंचेचाळीस वर्षांनी पहिली आलेली महिला. २०१५ मध्ये दक्षिण कोरियाचा चो सेओंग-जिन विजयी झाला. परीक्षकांनी दिलेले गुण प्रसिद्ध झाले, तेव्हा अंतिम फेरीत फिलिप आंत्रमाँ ह्या फ्रेंच परीक्षकाने विजेत्याला दहापैकी एक गुण दिल्याचे उघड झाले. गुण प्रसिद्ध केल्याने वाद मिटतील असे नाही. निदान ते कशावरून होतात, हे लोकांना कळू लागले.

२०२० ची स्पर्धा कोव्हिड महासाथीमुळे एक वर्ष पुढे ढकलावी लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅनडाचा ब्रूस ल्यू पहिला आला. त्याने फात्सिओली ह्या इटालियन बनावटीचा पियानो निवडला होता; प्रत्येक स्पर्धकाने उपलब्ध वाद्यांतून स्वतःचे वाद्य निवडावयाचे असल्याने पियानो-उत्पादकांतही येथे एक समांतर स्पर्धा चालते. २०२५ च्या स्पर्धेसाठी ६४२ अर्ज आले व अकरा वादक अंतिम फेरीत पोहोचले. परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद गॅरिक ओल्सनकडे होते. पोलिश नसलेल्या व्यक्तीकडे ते प्रथमच आले. अमेरिकेचा एरिक लू ६०,००० यूरोंच्या पहिल्या पारितोषिकाचा मानकरी ठरला. २०१५ मध्ये तो चौथा आला होता. ल्यू व लू हे दोघेही डांग थाय सोनचे शिष्य आहेत. परीक्षकाने स्वतःच्या शिष्याला गुण देऊ नयेत, असा नियम आहे; परंतु जगातील मोजक्याच गुरूंकडे बहुतेक स्पर्धक शिकत असल्याने परीक्षक व स्पर्धक ह्यांच्या नातेसंबंधांविषयी कुजबुज दर वेळी होतेच.

स्पर्धेची रचना तपशिलात बदलत आली असली, तरी तिचा गाभा स्थिर आहे. प्राथमिक निवडीनंतर तीन एकलवादनाच्या फेऱ्या होतात. त्यांत एत्यूड, नॉक्टर्न, बॅलड, वॉल्ट्झ, पोलोनेझ, प्रेल्यूड, माझुर्का व सोनाटा अशा सर्व प्रमुख प्रकारांतून वादकाला जावे लागते. अंतिम फेरीत वॉर्सा फिलहार्मनिक वाद्यवृंदाबरोबर दोन कन्चेर्तोंपैकी एक वाजवावयाचा असतो. हे दोन्ही कन्चेर्तो शॉपँने विशीच्या आसपास रचलेले. त्याच्या प्रौढ प्रतिभेचे दर्शन त्यांत घडत नाही आणि एकच कन्चेर्तो पुनःपुन्हा ऐकून परीक्षक व श्रोते थकून जातात, अशी तक्रार जुनी आहे. २०२५ मध्ये अंतिम फेरीत कन्चेर्तोआधी ‘पोलोनेझ-फँटसी’ ही उत्तरकालीन एकलरचना सर्वांना अनिवार्य करण्यात आली.

राष्ट्रीय शॉपँ संस्थेने २०१८ पासून ह्या स्पर्धेला जोड म्हणून ऐतिहासिक वाद्यांवरील वादनाची एक वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्या वेळी पोलंडचा तोमाश रिटर व २०२३ मध्ये कॅनडाचा एरिक ग्वो हे विजयी झाले. ह्या स्पर्धेत शॉपँच्या काळातील प्लेयेल व एरार ह्या बनावटींचे मूळ पियानो आणि जुन्या वाद्यांवरून घडविलेल्या प्रतिकृती वापरल्या जातात. त्यांतील एक प्रतिकृती वॉर्साचा कारागीर फ्रिडेरिक बुखहोल्ट्स ह्याच्या वाद्याची आहे. तरुण शॉपँच्या घरी त्याचाच पियानो होता. शॉपँ गेल्यावर तो त्याच्या बहिणीकडे राहिला. १८६३ च्या उठावाच्या वेळी रशियन गव्हर्नरवर झालेल्या हल्ल्याचा सूड म्हणून सैनिकांनी झामोयस्की प्रासादाची लूट केली, तेव्हा तो वरच्या मजल्याच्या खिडकीतून रस्त्यावर फेकण्यात आला. त्सिप्रियान नॉर्विड ह्या कवीने ह्या घटनेवर एक प्रसिद्ध कविता लिहिली आहे. मूळ वाद्य नष्ट झाल्याने प्रतिकृती घडविण्यासाठी युक्रेनमध्ये सापडलेल्या बुखहोल्ट्सच्याच दुसऱ्या एका पियानोचा आधार घ्यावा लागला.